मराठी कळफलक, मोबाइलवरील
मोबाइलवर देवनागरी मजकूर उमटवण्याची सोय व तिची बाजारपेठ. 2011 च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणारे सुमारे 8.3 कोटी, गिऱ्हाईक एवढे मोठे, पण कळफलकासाठी पैसे मोजणारे विरळा. संगणकावर पुण्याच्या सी-डॅकची (स्थापना 1988) देवनागरी लिहिण्याची जिस्ट प्रणाली विकत घ्यावी लागे. पुढे अँड्रॉइडवर गूगलचा कळफलक फुकट मिळू लागला आणि सुट्या विक्रीत दम उरला नाही. मुंबईच्या आयआयटीचे ‘स्वरचक्र’ (2013) हा कळफलकही मोफतच: व्यंजनावर बोट ठेवताच त्याभोवती बाराखडी गोलाकार उमटते. ‘शेतकऱ्याला’मधला ऱ्य मात्र अनेक कळफलकांवर शोधावाच लागतो.

चिनी लिपीत निवेशप्रणालीवाचून (मजकूर उमटवण्याच्या सोयीवाचून) गत्यंतर नाही; मराठीचे तसे नाही. मराठी माणूस ‘उद्या येतो’ रोमन अक्षरांत पाठवतो आणि समोरच्याला ते कळतेही. मराठी कळफलकाची खरी प्रतिस्पर्धी ही रोमन लिपीच. आता कमाईची आशा कळांपेक्षा बोलून लिहिण्यात अधिक दिसते. त्यात पुणे जिल्ह्यातल्या शिरूर-दौंडकडची बोली यंत्राला कितपत उमगते, यावर बरेच अवलंबून आहे.