दुर्बिणीला वारस हवा



रमजानचा एकोणतिसावा रोजा सुटला की आपण सारेच पश्चिमेकडे नजर लावतो. मुळशीच्या खोऱ्यात राहणाऱ्यांची अडचण मात्र वेगळीच. पश्चिमेला सह्याद्रीच्या रांगा उभ्या. कोवळी कोर क्षितिजापासून फार वर नसते, आणि ती दिसण्याआधीच डोंगराआड जाते. मग कोणी उंच जागा शोधतो, कोणी दुर्बीण मागतो. ती दुर्बीण काय काम करते, तिने ग्रहांविषयी काय सांगितले आणि आपल्या पुण्यात तिचे पुढे काय झाले, हे आपण आज पाहू.

या इतिहासाची सुरुवात भिंगापासून नव्हे, डोळ्यापासून करावी लागते. डोळ्यातून किरण निघून वस्तूवर पडतात म्हणून ती दिसते, असे प्राचीन काळी अनेक विद्वान मानीत. सुमारे 965 साली बसऱ्यात जन्मलेल्या आणि पुढे कैरोत राहिलेल्या इब्न अल-हैसम याने हे मत खोडून काढले. वस्तूकडून प्रकाश डोळ्यात येतो, हे त्याने प्रयोगांच्या आधारे मांडले. त्याच्या ‘किताब अल-मनाझिर’ या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर झाले आणि युरोपातील विद्वानांनी ते शतकानुशतके अभ्यासले. त्याने दुर्बीण केली नाही. पण प्रकाश आणि दृष्टी यांच्या ज्या अभ्यासावर दुर्बिणीचे शास्त्र उभे राहिले, त्याचा पाया त्याने भक्कम केला.

आता दुर्बिणीचे काम पाहू. दुर्बीण म्हणजे दूरची वस्तू मोठी करणारे यंत्र, एवढेच आपण समजतो. ते तिचे दुसरे काम आहे. पहिले काम प्रकाश गोळा करण्याचे. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली फार तर 7 मिलिमीटर उघडते. 70 मिलिमीटर व्यासाचे भिंग तिच्या दहापट रुंद, म्हणून क्षेत्रफळाने शंभरपट असते. पावसात वाटीऐवजी परात ठेवावी, तसा हा प्रकार. गोळा झालेला प्रकाश एका जागी येऊन प्रतिमा बनते आणि डोळ्याजवळचे लहान भिंग ती मोठी करून दाखवते. मोठ्या भिंगाचे नाभीय अंतर 1000 मिलिमीटर आणि लहानाचे 25 मिलिमीटर असेल, तर वस्तू चाळीसपट मोठी दिसते. पुढच्या भिंगाच्या जागी अंतर्वक्र आरसाही चालतो. तशी दुर्बीण न्यूटनने 1668 साली तयार केली.

गॅलिलिओने 1610 च्या जानेवारीत आपली दुर्बीण गुरूकडे वळवली, तेव्हा त्याला गुरूजवळ चार ठिपके जागा बदलताना दिसले. ते गुरूचे चंद्र होते. सारे काही पृथ्वीभोवतीच फिरते, या समजुतीला तडा गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याने शुक्र पाहिला. हा शोध तर चाँद पाहणाऱ्या आपल्या घरांतील मुलांना चटकन कळेल. दुर्बिणीत शुक्रही चंद्रासारखा कलेकलेने दिसतो. कधी बारीक कोर, तर कधी जवळजवळ पूर्ण. जुन्या मताप्रमाणे शुक्र सदैव पृथ्वी आणि सूर्य यांच्या दरम्यानच राहत असता, तर त्याचा उजळलेला चेहरा आपल्याला कधीच भरलेला दिसला नसता. तो दिसतो, याचा अर्थ शुक्र सूर्याच्या पलीकडेही जातो, म्हणजे सूर्याभोवती फिरतो. जो वाद ग्रंथांतून मिटत नव्हता, तो निकालात काढण्याचे साधन आता डोळ्यापुढे आले होते.

आता पुण्याकडे येऊ. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात कावसजी दादाभाई नायगमवाला नावाचे पारशी अध्यापक होते. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी वेधशाळेसाठी पाच हजार रुपये दिले, मुंबई सरकारने तेवढीच भर घातली आणि 1888 साली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झालेल्या संस्थेत, महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तिथली 20 इंची आरशाची दुर्बीण त्या काळी भारतातील सर्वांत मोठी होती. नुसत्या डोळ्याच्या पाच हजारपटींहून अधिक प्रकाश ती गोळा करी. तिच्या साह्याने नायगमवालांनी मृग नक्षत्रातील तेजोमेघाच्या प्रकाशाचे पृथक्करण केले आणि ते निरीक्षण 1891 साली लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणाचा वेध त्यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे घेतला.

पण 1912 साली नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद झाली. दुर्बीण कोडाईकनालला रवाना झाली. आरसा तोच होता, आकाश तेच होते. पुण्यात तिचा वारस मात्र नव्हता.

हे दुःख आपल्या इतिहासाला नवे नाही. समरकंदला उलुगबेगाने भव्य वेधशाळा बांधली आणि 1437 च्या सुमारास हजारांहून अधिक ताऱ्यांची यादी सिद्ध केली. 1449 साली त्याची हत्या झाली, वेधशाळा उद्ध्वस्त झाली आणि तिची जागासुद्धा लोक विसरले. ती 1908 साली उत्खननात सापडली. इमारत राजाच्या पैशाने उभी राहते, पण इल्म शिष्यांमुळे टिकते.

सुदैवाने पुण्यात हा धागा पुन्हा जुळला. 1944 साली हौशी आकाशनिरीक्षकांनी ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन केली. 1988 साली आयुका ही संस्था निघाली आणि 2006 साली पुणे जिल्ह्यातच गिरवली येथे तिची 2 मीटर व्यासाची दुर्बीण सुरू झाली.

मग आपण काय करावे? ग्रह पाहण्यास मोठा खर्च लागत नाही. साध्या द्विनेत्रीतून गुरूचे चंद्र दिसतात. तीसपट मोठे दाखवणाऱ्या लहान दुर्बिणीतून शनीचे कडे ओळखता येते. ग्रह तेजस्वी असल्याने शहरातूनही दिसतात. मृगातील तेजोमेघाला मात्र अंधार हवा. हिंजवडीकडे रात्रीचे आकाश उजळून गेले आहे, पण ताम्हिणीच्या बाजूला, पावसाळा सरल्यावर, डिसेंबर-जानेवारीच्या चांदणे नसलेल्या रात्री नायगमवालांचा तोच तेजोमेघ आजही दिसतो. सूर्याकडे मात्र दुर्बीण चुकूनही वळवू नका, दृष्टी कायमची जाईल.

पालकांना एवढीच विनंती. दहा घरांनी मिळून एक लहान दुर्बीण घ्या आणि ती कपाटात कुलुपबंद ठेवू नका. मुलगा असो वा मुलगी, तिला डोळा लावू द्या, आणि दिसले ते तारीख-वेळेसह वहीत लिहून ठेवायला सांगा. तिने प्रश्न विचारला आणि उत्तर आपल्याला आले नाही, तर तिच्या सोबत शोधायला बसा. उद्याचा वारस असाच तयार होईल.