व्हिडिओ गेमच्या धंद्याची भरती-ओहोटी

व्हिडिओ गेम म्हटला की घरातल्या वडील माणसांच्या कपाळाला आठी पडते. पोर अभ्यास सोडून पडद्याला चिकटून बसते, ही तक्रार घरोघर आहे आणि ती अगदीच खोटी नाही. पण आज तिच्याविषयी बोलायचे नाही. ज्याला आपण नुसता पोरखेळ समजतो त्याच्यामागे फार मोठा धंदा आहे, आणि त्या धंद्याला इतिहासही आहे. १९८३ साली अमेरिकेतला हा भरभराटीचा व्यापार पत्त्यांच्या बंगल्यासारखा कोसळला. तो का कोसळला, हे समजून घेण्याजोगे आहे. कारण त्यातला धडा केवळ खेळांपुरता नाही.

प्रथम थोडी पूर्वपीठिका पाहू. १९५८ साली न्यूयॉर्क राज्यातील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम नावाचे पदार्थविज्ञानाचे शास्त्रज्ञ होते. प्रयोगशाळा पाहायला येणारी माणसे कंटाळू नयेत, म्हणून त्यांनी एका यंत्राच्या छोट्याशा पडद्यावर प्रकाशाच्या ठिपक्याने टेनिस खेळण्याची सोय केली. लोकांनी रांगा लावल्या. पण हिगिनबॉथम यांनी त्याचे पेटंट घेतले नाही. पुढे राल्फ बेअर यांना १९६६ साली कल्पना सुचली, की घरचा टीव्ही नुसता पाहायचा कशाला, त्यावर खेळताही आले पाहिजे. हे बेअर नाझी राजवटीच्या काळात, १९३८ साली, जर्मनी सोडून अमेरिकेत आलेले. त्यांच्या कल्पनेतून १९७२ साली ओडिसी हे घरगुती यंत्र बाजारात आले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी अटारी कंपनी काढली. तिचा 'पाँग' हा नाणे टाकून खेळायचा खेळ एका दारूच्या गुत्त्यात ठेवला होता. काही दिवसांतच तो बंद पडला म्हणून निरोप आला. उघडून पाहतात तो काय, नाण्यांचा डबा भरून वाहत होता! बिघाड असलाच तर तो तेवढाच.

१९७६ साली वॉर्नर या बड्या कंपनीने अटारी विकत घेतली आणि १९७७ साली अटारीचे नवे घरगुती यंत्र आले. त्याची युक्ती साधी होती. यंत्र एकदाच घ्यायचे आणि त्यात वेगवेगळ्या खेळांच्या डब्या खुपसायच्या. आपल्याकडची मुले पुढे या डब्यांना कॅसेट म्हणू लागली, तोच शब्द आपणही वापरू. जाते एकच, दळण तेवढे निराळे, असा हा प्रकार. खरी कमाई होती ती या दळणावर.

आता हे दळण तयार कोण करीत होते, ते पाहा. त्या यंत्राची तात्पुरती स्मृती फक्त १२८ बाइटची होती. म्हणजे इंग्रजीतली १२८ अक्षरे मावतील एवढी. या टिचभर जागेत चित्र, आवाज आणि सारी हालचाल बसवायची असे. बहुतेक एकच माणूस खेळ कल्पी, चित्रे काढी आणि प्रोग्रामही लिही. काम कसबाचे होते. आपल्याकडे गणपतीची मूर्ती कोणत्या कारागिराच्या हातची हे गावाला ठाऊक असते. अटारीच्या खोक्यावर मात्र कारागिराचे नाव नसे. नाव फक्त कंपनीचे. लाखोंनी खेळ खपला तरी त्याला मिळायचा तो ठरलेला पगार.

माणूस अशा वेळी काय करतो? वॉरेन रॉबिनेट या प्रोग्रामरने 'ॲडव्हेंचर' या खेळात एक गुप्त खोली ठेवली आणि तिच्यात आपले नाव लिहिले. वरिष्ठांना त्याचा पत्ता लागला नाही. एका मुलाने ती खोली शोधून कंपनीला कळविले, तोवर रॉबिनेट नोकरी सोडून गेले होते. आणखी चौघांनी वेगळी वाट धरली. डेव्हिड क्रेन, ॲलन मिलर, बॉब व्हाइटहेड आणि लॅरी कॅप्लन हे अटारीतून बाहेर पडले. १९७९ साली ॲक्टिव्हिजन ही कंपनी निघाली, आणि अटारीच्याच यंत्रात चालणाऱ्या कॅसेटी हे लोक करू लागले. खेळ कोणी केला, हे तेथे छापले जाऊ लागले. क्रेन यांचा 'पिटफॉल' हा खेळ १९८२ साली आला आणि अफाट गाजला.

अटारीने कोर्टात धाव घेतली. पण १९८२ साली तडजोड झाली. बाहेरच्यांना कॅसेटी काढण्याची वाट मोकळी झाली, आणि मग जे झाले ते शेतकरी श्रोत्यांना समजावून सांगायला नको. एका वर्षी कांद्याला भाव आला, की दुसऱ्या वर्षी सारा गाव कांदा लावतो. तसेच येथे झाले. ओट्स विकणाऱ्या क्वेकर कंपनीनेसुद्धा खेळ काढायला सुरुवात केली! क्रेन यांच्यासारखे कसबी मूठभर. नक्कल करणारे ढीगभर. तीस-पस्तीस डॉलरची कॅसेट पुढे पाच डॉलरला टोपलीत पडू लागली.

खुद्द अटारीने तरी काय केले? १९८२ साली तिने 'पॅक-मॅन' या लोकप्रिय जपानी खेळाची घरगुती आवृत्ती काढली. ती मूळ खेळाच्या जवळपासही नव्हती. त्यातली भुते सारखी लुकलुकत. मग स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा 'ई.टी.' चित्रपट गाजला. त्यावरचा खेळ नाताळच्या बाजारात हवाच, असा हुकूम सुटला. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या कुशल प्रोग्रामरला त्यासाठी मिळाले अवघे पाच आठवडे. ज्या कामाला एरवी महिनोन् महिने लागत, ते पाच आठवड्यांत! खेळात ई.टी. एकसारखा खड्ड्यांत पडे आणि मुले रडकुंडीला येत. लाखो कॅसेटी पडून राहिल्या. त्याचा दोष पुढे पुष्कळ वर्षे एकट्या वॉरशॉ यांच्या माथी मारला गेला. मुदत घालून देणाऱ्यांना कोणी फारसे विचारले नाही.

डिसेंबर १९८२ मध्ये वॉर्नरने नफ्याचा अंदाज खाली आणला आणि एका दिवसात तिच्या शेअरचा भाव सुमारे एक-तृतीयांशाने घसरला. १९८३ साली अटारीला ५० कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. त्या सप्टेंबरात न विकलेल्या मालाचे ट्रक न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्दो गावी गेले. तेथल्या कचऱ्याच्या खड्ड्यात माल पुरून वर काँक्रीट ओतले. अति तेथे माती म्हणतात, ती येथे अक्षरशः पडली. एप्रिल २०१४ मध्ये तो खड्डा उकरला तेव्हा 'ई.टी.'च्या कॅसेटी खरोखरच निघाल्या. ते पाहायला वॉरशॉ स्वतः हजर होते.

कोणी म्हणेल, लोकांना खेळाचाच कंटाळा आला असेल. स्वस्त घरगुती संगणकांनी गिऱ्हाईक ओढले, हे खरे. परंतु त्याच १९८३ च्या जुलैत जपानमध्ये निंटेंडो कंपनीचे नवे यंत्र निघाले आणि ते भरपूर खपले. ही कंपनी मूळची क्योटोची. १८८९ साली खेळण्याचे पत्ते करण्यापासून तिचा आरंभ झाला. म्हणजे खेळाची गोडी गेली नव्हती, विश्वास गेला होता. बोगस बियाणे एकदा पदरी पडले, की शेतकरी चांगल्या बियाण्याच्या पिशवीकडेही संशयाने बघतो. अमेरिकेतल्या आईबापांचे आणि दुकानदारांचे तसेच झाले.

निंटेंडोने हे ओळखले. १९८५ साली न्यूयॉर्कमध्ये यंत्र आणताना तिने त्यात एक कुलूपच बसविले. परवानगीशिवाय केलेली कॅसेट त्यात चालेना. खोक्यावर दर्जाचा शिक्का आला. बाहेरच्या कंपनीने वर्षाला पाचच खेळ काढावेत, असे बंधन घातले. बाजार पुन्हा उभा राहिला. तथापि, किल्ली एकाच्याच हाती गेली, की तो सांगेल ती अट मान्य करावी लागते. तशी ती लागली, आणि पुढे कोर्टकज्जेही झाले. रोगावरचे औषधही कधी कडू असते.

आपल्याकडे १९९० नंतर असली यंत्रे आली, ती बहुतांशी निंटेंडोच्या यंत्राच्या नकला. कॅसेटवर छापलेले असे '९९९९ खेळ', आणि आत तेच ते मोजके खेळ आलटून पालटून! नाव निराळे, फसवणूक जुनीच.

सारांश, १९८३ सालचा धंदा पडद्यामुळे बुडाला नाही की पोरांमुळे बुडाला नाही. करणाऱ्याला नाव नाही आणि घेणाऱ्याला अक्कल नाही, असे धरून चालणाऱ्यांनी तो बुडविला. आता अनेक मोठ्या खेळांच्या शेवटी, सिनेमाप्रमाणे, करणाऱ्यांची नावे झळकतात. शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एवढेच सुचवावेसे वाटते, की वर्गातल्या मुलाला "हा खेळ खेळू नकोस" असे सांगण्याआधी एकदा विचारून पाहावे, "हा केला कोणी, सांग बरे?" नाव शोधता शोधता त्याला कळेल, की तो पडद्यावर जे पाहतो ते माणसाच्या हातचे काम आहे. चांगले काम कोणते आणि उरकलेले काम कोणते, हेही मग त्याचे त्याला दिसू लागेल.