पेनड्राइव्हमधली चौथी बाजू

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातली गोष्ट. शिवाजी पेठेतल्या घरी एक लेख लिहीत बसलो होतो. दादांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं, एक वाक्य नेमकं कसं होतं ते पुन्हा ऐकायचं होतं. पेनड्राइव्ह लावला, तर पडद्यावर सूचना आली: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. करायची का?

त्या पेनड्राइव्हमध्ये दादांचा आवाज होता. १९८७ साली अब्बांनी टेपरेकॉर्डर समोर ठेवून दादांना बोलतं केलं होतं. दादा सुतार. तरुणपणी नाटक कंपन्यांचे आणि सिनेमावाल्यांचे सेट उभे करायला जायचे. नव्वद मिनिटांच्या दोन कॅसेट भरल्या. म्हणजे चार बाजू, तीन तास. पुढे मी त्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या आणि चारही फाइल पेनड्राइव्हवर ठेवल्या. मूळ कॅसेट शाहूपुरीत फुफीच्या घरी कपाटाच्या खालच्या कप्प्यात होत्या. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात त्या कप्प्यात पाच दिवस पाणी होतं. ज्या कॉम्प्युटरवर त्या उतरवल्या, तो कधीच भंगारात गेला होता. दादा नाहीत, अब्बाही नाहीत. उरला होता अंगठ्याएवढा एक तुकडा, आणि तो म्हणत होता, फॉरमॅट करू का?

पेनड्राइव्ह घेऊन एका दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "फॉरमॅट मारून देतो की! दोन मिन्टाचं काम हाय." मी म्हणालो, आतला आवाज हवाय. तो म्हणाला, "मग काय खरं न्हाई." घरी आलो आणि इंजिनिअरिंग शिकणाऱ्या भाच्याला फोन लावला. तो पहिल्यांदा हेच म्हणाला, "मामू, फॉरमॅट नक्को करो. काढके ठेवो, हात नक्को लगाव."

हात लावू नका, हा सल्ला किती मोलाचा होता ते नंतर कळलं.

ज्या वस्तूत आपण घरादाराच्या आठवणी कोंबतो, तिचं वय फार नाही. फ्लॅश मेमरी हा जपानमधल्या तोशिबा कंपनीतले अभियंते फुजिओ मासुओका यांचा शोध. १९८४ साली त्यांनी तो जगापुढे मांडला. 'फ्लॅश' हे नाव त्यांच्या एका सहकाऱ्याने सुचवलं. या मेमरीतली माहिती एका झटक्यात पुसता येते, ते बघून त्याला कॅमेऱ्याच्या फ्लॅशची आठवण झाली. म्हणजे जिला आपण जपून ठेवण्याचं साधन मानतो, तिचं नावच मुळात पुसण्यावरून पडलं आहे. पेनड्राइव्ह बाजारात आले २००० साली. सिंगापूरच्या आणि इस्रायलच्या कंपन्या त्यात पुढे होत्या. सुरुवातीच्या एका ड्राइव्हमध्ये फक्त ८ मेगाबाइट मावायचे, आणि ते पाचाहून जास्त फ्लॉपींइतकं होतं म्हणून लोक हरखले होते.

आतली व्यवस्था साधी आहे. अतिशय बारीक कप्प्यांत विजेचे कण कोंडलेले असतात. कण आहेत की नाहीत यावरून एक आणि शून्य वाचलं जातं. कोंडलेले कण वर्षानुवर्षांत हळूहळू झिरपून जातात. म्हणून पेनड्राइव्ह कपाटात ठेवून दहा-पंधरा वर्षं निर्धास्त राहण्याची वस्तू नव्हे. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

भाचा रविवारी आला. त्याने आधी पेनड्राइव्हची जशीच्या तशी नक्कल आपल्या हार्डडिस्कवर उतरवली. फाइलींची नव्हे, पहिल्या कप्प्यापासून शेवटच्या कप्प्यापर्यंत अख्ख्या ड्राइव्हची. मग मूळ पेनड्राइव्ह बाजूला ठेवला आणि सगळं काम त्या नकलेवर केलं. चूक झाली तर नकलेवर व्हावी, मुळावर नको. काम करता करता त्याने मला जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो.

पेनड्राइव्ह म्हणजे एक दप्तरखाना समजा. दाराशी एक नोंदवही असते: कुठला कागद कुठल्या फडताळात आहे त्याची. आपण फाइल डिलीट करतो तेव्हा फडताळातला कागद कुणी फाडत नाही. नोंदवहीत त्या नावाचं पहिलं अक्षर खोडलं जातं आणि 'ही जागा मोकळी' असं धरलं जातं. क्विक फॉरमॅटमध्ये तर अख्खी नोंदवही कोरी होते, तरी बहुतेक कागद जागेवरच असतात. माझ्या ड्राइव्हची ही नोंदवहीच बिघडली होती. तिची दुसरी प्रत ड्राइव्हमध्येच असते, पण तीही धड नव्हती.

मग त्याने फोटोरेक नावाची प्रणाली चालवली. ख्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच माणसाने ती लिहिली आणि सगळ्या जगाला फुकट दिली. ती नोंदवहीकडे बघतच नाही. एकेक फडताळ उघडते आणि कागदाच्या ठेवणीवरून ओळखते, हा फोटो, हा आवाज, हे पत्र. माल मिळतो, पण नावं मिळत नाहीत. दोन तासांनी आमच्यापुढे शेकडो फाइली होत्या, नावांच्या जागी नुसते आकडे. एकेक लावून ऐकत गेलो. चाळिसाव्या की एक्केचाळिसाव्या फाइलीत खोकल्याचा आवाज आला, आणि मग दादा म्हणाले, "हां, चालू हाय का?"

मी उठून गॅलरीत गेलो. भाचा काही बोलला नाही.

आमच्या पेठेत गांधी मैदान आहे. पूर्वी तिथे वरुणतीर्थ नावाचं तळं होतं. ते बुजवून मैदान झालं. कोल्हापुरातली अशी कितीतरी तळी बुजली. कपिलतीर्थावर आज भाजी मंडई आहे. पण जोराचा पाऊस झाला की गांधी मैदानात पाणी साचतं आणि जुनी माणसं म्हणतात, पाण्याला आपली जागा ठाऊक आहे. नकाशावरून तळं खोडलं गेलं, उतार तसाच राहिला. नोंद जाणं आणि वस्तू जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पेठेतल्या माणसाला कॉम्प्युटरवाल्याने शिकवायला नको होतं.

इतिहासातही हा फरक करावा लागतो. दादांच्या टेपमध्ये 'साहेबमामा' हा शब्द वारंवार येतो. लहानपणी मला वाटायचं, हे आमच्या नात्यातले कुणी मामू असतील. नंतर कळलं, साहेबमामा म्हणजे शेख फत्तेलाल. जन्म १८८६, गाव कागल. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत ते तयार झाले. १९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी निघाली तेव्हा व्ही. शांताराम आणि विष्णुपंत दामले यांच्याबरोबर तेही भागीदार होते. १९३६ चा 'संत तुकाराम' दामले आणि फत्तेलाल या दोघांनी दिग्दर्शित केला. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. तुकोबांना पडद्यावर आणणाऱ्या दोघांपैकी एक कागलचा मुसलमान होता, हे आज किती जणांना ठाऊक आहे? 'दामले-फत्तेलाल' ही जोडी लोकांच्या तोंडी आहे, पण फत्तेलाल हे नाव कुठल्या घरातलं याचा विचार कुणी करत नाही. काही मित्रांना सांगितलं तर ते चकित झाले. यात कुणी कागद फाडलेला नाही. चित्रपट आहे, श्रेयनामावलीत नाव आहे. आपल्या डोक्यातल्या नोंदवहीतलं एक अक्षर तेवढं पुसट झालं आहे. असं हरवलेलं परत मिळवता येतं. फडताळ उघडून बघावं लागतं, इतकंच.

पण सगळंच असं परत मिळत नाही. आमच्या घरापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर, खरी कॉर्नरला, महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या आठवणीसाठी कॅमेऱ्याचं स्मारक उभं आहे. त्या कंपनीचा 'सैरंध्री' १९२० चा, 'सावकारी पाश' १९२५ चा. 'सावकारी पाश'मध्ये तरुण शेतकऱ्याचं काम शांतारामांनी केलं होतं. हे दोन्ही चित्रपट आज बघायला मिळत नाहीत. त्या काळची फिल्म नायट्रेटची. पटकन पेट घेणारी, दमट हवेत कुजणारी. शिवाय तिच्यात चांदी असायची, म्हणून मूकपटांची जुनी रिळं चांदीसाठी विकली जात, धुऊन काढली जात. आगीचा शाप तर अलीकडेपर्यंत सुटला नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात, म्हणजे प्रभातच्याच जुन्या जागेत, नायट्रेटच्या रिळांचं कोठार जळालं. जळालेल्या रिळावर कुठलीही प्रणाली चालत नाही. तिथे एकच उपाय असतो, आणि तो आधी करायचा असतो: दुसरी प्रत, दुसऱ्या जागी.

आपल्या परंपरेला हे नवं नाही. यमामाच्या लढाईत कुरआन मुखोद्गत असलेले अनेक हाफिज शहीद झाले, तेव्हा हजरत अबू बक्र यांनी झैद बिन साबित यांच्याकडून ते लिखित स्वरूपात एकत्र करवून घेतलं. पुढे हजरत उस्मान यांनी त्याच्या प्रती करून वेगवेगळ्या शहरांत पाठवल्या. एक प्रत म्हणजे शून्य प्रत, हे त्या लोकांनी माणसं गमावून ओळखलं होतं. मी त्यांचाच इतिहास शाळेतल्या मुलांना सांगतो, आणि माझ्या आजोबांच्या आवाजाची एकच प्रत खिशात घेऊन फिरत होतो.

आता चौथ्या बाजूबद्दल सांगतो. ते सांगायचं नव्हतं, पण त्याशिवाय हा लेख खोटा ठरेल.

दादांच्या तीन बाजू पूर्ण मिळाल्या. चौथीची फक्त अकरा मिनिटं. मी भाच्याला म्हणालो, राहिलेली बघ कुठेतरी असेल. त्याने बराच वेळ शोधलं, मग विचारलं, "मामू, ये फाइल कभी डिलीट किये थे क्या?" आणि मला आठवलं. चार वर्षांपूर्वी एका लग्नाचा व्हिडिओ ठेवायला जागा कमी पडत होती. दोन फाइलींची नावं सारखी वाटली, दुबार असेल म्हणून मी एक उडवली. उडवली तेव्हाही ती गेली नव्हती. लग्नाचा व्हिडिओ तिच्यावर लिहिला गेला, तेव्हा गेली. व्हिडिओच्या दोन तुकड्यांच्या मधे अकरा मिनिटांची जागा मोकळी राहिली, तेवढे दादा उरले.

आणि त्या बाजूत काय होतं? आमच्या गल्लीतल्या आणि आसपासच्या मोहल्ल्यांतल्या, स्टुडिओत राबणाऱ्या माणसांची नावं. कोण सुतारकामाला, कोण रंगकामाला, कोण शिवणकामाला, कोण टांग्यातून सामान न्यायचा. त्यांची नावं कुठल्याही श्रेयनामावलीत नाहीत. अब्बांनी मुद्दाम विचारलं होतं आणि दादांनी बोटं मोजत एकेक सांगितलं होतं. ती यादी फक्त तिथेच होती.

आपण, म्हणजे मराठी मुसलमान, नेहमी म्हणतो की आमचं नाव इतिहासातून पुसलं जातं. त्यात तथ्य आहे, मीही ते लिहिलं आहे. पण या यादीला कुणी वैऱ्याने हात लावला नव्हता. ती मी घालवली, लग्नाच्या वरातीसाठी.

उरलेल्या अकरा मिनिटांत नऊ नावं आहेत. ती मी वहीत उतरवून फुफीकडे गेलो. तिचं वय आता ऐंशीच्या पुढे. नऊ नावं वाचून दाखवली, तर ती एकेका नावाशी थांबली. "याचा भाऊ पण जायचा," असं म्हणत तिने आणखी पाच सांगितली. मग दोन चेहरे आठवले, नावं आठवेनात. एकाच्या हाताची दोन बोटं करवतीने गेलेली होती, एवढंच तिला आठवलं. मी तेवढंही लिहून घेतलं.

तुमच्या घरात असा एखादा पेनड्राइव्ह असेल आणि तो फॉरमॅट मागत असेल, तर हो म्हणू नका. त्यावर नवं काही लिहू नका. आधी अख्खी नक्कल काढा, नकलेवर काम करा, आणि मिळालेल्या फाइली दुसऱ्याच डिस्कवर उतरवा. ड्राइव्ह कॉम्प्युटरला दिसतच नसेल किंवा लावताच तापत असेल, तर घरी खटपट करू नका. आतली चिप काढून वाचणाऱ्या जाणकाराकडे न्या. मोबाइल आणि हल्लीच्या एसएसडी डिस्कच्या भरवशावर तर अजिबात राहू नका; त्यांच्यात पुसलेल्या जागा यंत्रच पुढे होऊन साफ करतं, मग फडताळात कागदही उरत नाही. आणि घरात कुणी ऐंशीच्या पुढचं असेल, तर या जुम्म्यानंतर त्यांच्याजवळ बसा.

दादांच्या आवाजाच्या आता तीन प्रती आहेत: एक माझ्याकडे, एक भाच्याकडे, एक मिरजेला फुफीच्या नातवाकडे. वहीत चौदा नावं आहेत. पंधराव्या आणि सोळाव्या ओळीची जागा मी मोकळी ठेवली आहे. फुफी म्हणते, आठवलं की फोन करीन.