बत्तीस पानांची नामावळ

२४ जून २०२१ रोजी गिटलॅब डॉट कॉम या कोड ठेवण्याच्या सेवेच्या एका यंत्रणेत चुकांचे प्रमाण एकाएकी वाढले. लोकांनी पाठवलेला कोड बांधून आणि तपासून देणारी ही यंत्रणा. तिला पुढचे काम कोणते, हे सांगणाऱ्या डेटाबेसच्या क्वेरी वेळेत पूर्ण होत नव्हत्या आणि रांगेत कामे साचत होती. काही मिनिटांत सारे पूर्ववत झाले. मग पुन्हा केव्हातरी तेच. पुढचे काही आठवडे हा प्रकार अधूनमधून होत राहिला. वेळ ठरलेली नाही, कारण दिसत नाही, आणि कोणी पाहायला जाईपर्यंत सर्व्हर ठणठणीत. अभियंत्यांनी या त्रासाला 'नेसी' म्हणायला सुरुवात केली. स्कॉटलंडमधल्या लॉक नेस सरोवरात क्षणभर दिसून नाहीशा होणाऱ्या प्राण्याचे हे नाव.

या शोधाचा मुख्य दस्तऐवज म्हणजे ग्झेगोश बिझोन आणि स्टॅन हू या गिटलॅबच्याच अभियंत्यांनी २९ सप्टेंबर २०२१ रोजी प्रसिद्ध केलेला अहवाल. तो उत्तर सापडल्यावर लिहिलेला आहे, त्यामुळे वाट होती त्यापेक्षा सरळ भासते. म्हणून त्यातले प्रत्येक विधान मी पोस्टग्रेसच्या, म्हणजे गिटलॅब वापरत असलेल्या डेटाबेस-प्रणालीच्या, मूळ कोडशी ताडून वाचतो. कोड सर्वांना खुला आहे आणि तो आठवणीवर अवलंबून नाही.

पहिला पुरावा प्रतीक्षेच्या नोंदींचा. अडकलेल्या क्वेरी डिस्कसाठी किंवा प्रोसेसरसाठी थांबल्या नव्हत्या, 'सबट्रान्स कंट्रोल लॉक' या अंतर्गत कुलपासाठी थांबल्या होत्या. दुसरा पुरावा मला अधिक बोलका वाटतो: मुख्य सर्व्हर सुरळीत होता. अडकत होत्या त्या रेप्लिका, म्हणजे वाचनाचा भार वाहणाऱ्या प्रती. नुसता वाढलेला ताण कारण असता, तर मुख्य सर्व्हर असा निराळा का राहिला असता?

इथे थोडे थांबून यंत्र समजून घ्यावे लागते. डेटाबेसमधल्या ट्रान्झॅक्शनच्या, म्हणजे एकत्रच पुरे होणाऱ्या किंवा एकत्रच मोडणाऱ्या बदलांच्या गटाच्या, आत सेव्हपॉइंट नावाची खूण करता येते. पुढचे पाऊल चुकले तर सगळे न मोडता त्या खुणेपर्यंत मागे येता येते. खुणेनंतर काही लिहिले गेले की त्या उप-ट्रान्झॅक्शनला स्वतःचा क्रमांक मिळतो आणि त्याचे मूळ ट्रान्झॅक्शन कोणते याची वेगळी नोंद ठेवली जाते. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडे घराण्यांची नामावळ असते ना, तशीच ही नामावळ: नाव द्या, बाप शोधा. मात्र पोस्टग्रेस तिची फक्त ३२ पाने हाताशी उघडी ठेवत असे. पान ८ किलोबाइटचे, नोंद ४ बाइटची, म्हणजे एका पानावर २,०४८ क्रमांक आणि एकूण ६५,५३६. त्यापलीकडचा क्रमांक विचारला की एक पान मिटून दुसरे आणायचे, आणि ही अदलाबदल चालू असताना बाकीच्यांनी त्याच कुलपापाशी रांग लावायची.

आता लांबलेले ट्रान्झॅक्शन लक्षात घ्या. ते संपेपर्यंत त्याच्यानंतर सुरू झालेला कोणताही क्रमांक 'जुना, निकाली' म्हणून सोडून देता येत नाही. वर्दळीच्या डेटाबेसमध्ये ६५ हजार क्रमांक भराभर खर्च होतात. एवढ्यात कुठे सेव्हपॉइंट वापरला गेला, तर रेप्लिकेवरच्या प्रत्येक वाचनाला नामावळ उघडावी लागते. मुख्य सर्व्हरकडे चालू उप-ट्रान्झॅक्शनांची स्वतःची यादी असते, प्रत्येक जोडणीमागे ६४ पर्यंत, म्हणून तो तरून जातो. लांबलेले ट्रान्झॅक्शन संपले की रेप्लिकाही मोकळ्या होतात. नेसी आपोआप का नाहीशी होत होती, याचे हे उत्तर. एकट्या सेव्हपॉइंटने किंवा एकट्या लांब ट्रान्झॅक्शनने काही बिघडत नव्हते. दोन्ही एकत्र येण्याचे क्षण नेमके नव्हते, म्हणून तक्रारही नेमकी नव्हती.

उप-ट्रान्झॅक्शनचे धोके तोवर अज्ञात होते असे मात्र नाही. ६४ ची मर्यादा ओलांडल्यावर काय होते ते पोस्टग्रेसचे जाणकार लॉरेन्झ आल्बे यांनी २०२० मध्येच दाखवले होते. दुसरे जाणकार निकोलाय सामोख्वालोव यांचा या विषयावरचा विस्तृत लेख ऑगस्ट २०२१ चा. गिटलॅबच्या शोधाचे मोल माझ्या मते यात आहे, की ६४ ओलांडले नाहीत तरी रेप्लिका कोलमडू शकतात हे त्यांनी वेगळी चाचणी उभारून, तो त्रास मुद्दाम घडवून सिद्ध केले. इतिहासात घटना पुन्हा घडवून पाहता येत नाही. इथे ती पाहता आली, आणि म्हणून हा निष्कर्ष तर्कापाशी थांबत नाही.

उपाय तीन होते: सेव्हपॉइंट काढणे, लांब ट्रान्झॅक्शन टाळणे, किंवा पोस्टग्रेसच्या कोडवर काम करणारे आंद्रेय बोरोदिन यांचे पॅच, म्हणजे कोडमधले सुटे बदल, लावून नामावळीची पाने वाढवणे. गिटलॅबने पहिला निवडला. बरेच सेव्हपॉइंट कोणी हौसेने लिहिलेले नव्हते. 'नोंद घाल, ती आधीच असेल तर चूक पकड आणि आधीची घे' अशा सोयीच्या पद्धतींमागे रेल्स ही गिटलॅबने वापरलेली वेब-चौकट ते गुपचूप घालत असे. ते एकेक करून काढण्यात महिना गेला.

गिटलॅबमध्येच ३१ जानेवारी २०१७ रोजी एका अभियंत्याच्या हातून मुख्य डेटाबेसची फाइल-निर्देशिका पुसली गेली होती आणि सुमारे सहा तासांचा डेटा गेला होता. तेव्हाही त्यांनी सारे उघडपणे लिहून ठेवले. ती सवय नसती, तर वरची हकिगत जुळवायला माझ्यापाशी साधनेच नसती.

सेव्हपॉइंट पोस्टग्रेसमध्ये आला तो जानेवारी २००५ च्या ८.० आवृत्तीत, ते काम आल्वारो एरेरा यांचे. नामावळीच्या पानांची संख्या त्यानंतर वर्षानुवर्षे कोडमध्ये पक्की बसवलेली राहिली. बोरोदिन आणि दिलीप कुमार यांनी केलेला बदल फेब्रुवारी २०२४ मध्ये मूळ कोडमध्ये दाखल झाला आणि सप्टेंबर २०२४ च्या १७ व्या आवृत्तीपासून ती संख्या सेटिंगमधून ठरवता येऊ लागली. तो बदल दाखल करणारेही आल्वारो एरेराच.