प्रेमाचा डायलॉग कुणाच्या भाषेत? जॉर्जियाची गोष्ट

आज जाऊया जॉर्जियाला. अमेरिकेतलं नाही हं, काळ्या समुद्राकाठचा देश. प्रश्न साधा आहे: तिथले लोक परदेशी लव्हस्टोऱ्या कुठल्या भाषेत बघायचे?

सोव्हिएत काळात बहुतेक वेळा रशियनमध्ये. १९५४ साली राज कपूरचा ‘आवारा’ सोव्हिएत संघात लागला आणि सहा कोटींहून जास्त तिकिटं खपली. १९८८ मध्ये ब्राझीलची गुलाम इझौरा मॉस्कोच्या चॅनेलवर रडायला लागली, तेव्हा तिबिलिसीच्या घराघरांतही ती रशियनमध्येच रडत होती. चोरीच्या व्हिडिओ कॅसेटवर तर कहर! एकच पुरुष, कंटाळलेल्या आवाजात, हिरोचंही वाचणार आणि हिरॉइनचंही.

आता तुम्ही म्हणाल, समजतंय ना, मग बिघडलं कुठे?

तर ऐका. १९७८ मध्ये जॉर्जियाच्या नव्या राज्यघटनेच्या मसुद्यातून जॉर्जियनचा राजभाषेचा दर्जाच काढून टाकला होता. १४ एप्रिलला हजारो माणसं तिबिलिसीच्या रस्त्यावर उतरली, त्यात विद्यार्थी खूप. याच शहरात मार्च १९५६ मध्ये सैन्याने जमावावर गोळ्या झाडल्या होत्या. कारण वेगळं होतं, पण आपली पोरं कुठे चाललीत हे घरच्यांना पक्कं माहीत होतं. या वेळी गोळी चालली नाही. पक्षाचे प्रमुख एदुआर्द शेवर्दनाद्झे यांनी लोकांसमोर येऊन जाहीर केलं, की भाषेचा दर्जा कायम राहील. १४ एप्रिल हा तिथे आजही मातृभाषेचा दिवस आहे.

१९९१ ला देश स्वतंत्र झाला. आज तिथल्या टीव्हीवर तुर्की मालिका जॉर्जियन आवाजात लागतात. माझ्या मते खरी मजा इथे आहे. ‘आय लव्ह यू’ला जॉर्जियनमध्ये एकच शब्द: मिक्वारखार. तो फोडला तर त्यात ‘मी’ कर्ता नाहीच! ‘मला तू प्रिय आहेस’ अशी रचना. आपलं ‘मला तू आवडतेस’ आठवलं ना? इंग्रजीत प्रेम ‘मी’ करतो, मराठीत आणि जॉर्जियनमध्ये ते ‘मला’ होतं.

एक फरक मात्र आहे. आपल्याला ‘आवडतोस’ की ‘आवडतेस’ हे ठरवावंच लागतं. रशियनमध्येही भूतकाळातलं क्रियापद बोलणारा पुरुष की बाई हे सांगून टाकतं. जॉर्जियनमध्ये व्याकरणात लिंगच नाही, ‘तो’ आणि ‘ती’ला एकच शब्द. तुर्कीतही तसंच. म्हणजे बघा, इस्तंबूलच्या मालिकेत कुणी दारामागून म्हणालं, “आलंय कुणीतरी, त्याच व्यक्तीवर माझं प्रेम आहे,” तर जॉर्जियन अनुवादक ते गुपित अलगद पुढे नेतो. रशियन आणि मराठी अनुवादकाला ‘तो’ की ‘ती’ टाळायला अशी ‘व्यक्ती’ शोधत बसावं लागतं.