५०१, ब्रॉडवे : जुन्या बंदुकांचे हरपलेले दुकान

१/ न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रस्त्यावरील ५०१ क्रमांकाच्या सात मजली इमारतीत एकेकाळी तोफा, तलवारी, संगिनी, ठासणीच्या बंदुका आणि लष्करी खोगिरे विक्रीस मांडलेली असत. दुकानाचे नाव ‘बॅनरमन’. जुन्या शस्त्रांचे संग्राहक हे नाव आजही आदराने, पण काहीसे सावधपणे घेतात. या दोन्ही भावनांची ही कहाणी. #थ्रेड

२/ बॅनरमन कुटुंब स्कॉटलंडमधील डंडीचे. १८५४ मध्ये ते अमेरिकेस आले. १८६५ मध्ये यादवी युद्ध संपले आणि सरकारने उरलेले युद्धसाहित्य लिलावात काढले. अशा मालाची किंमत एरवी भंगाराच्या वजनावर ठरे. फ्रान्सिस बॅनरमन यांनी मात्र ओळखले, की वितळवलेल्या बंदुकीपेक्षा अखंड बंदुकीचे मोल अधिक आहे.

३/ १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धानंतर त्यांनी प्रचंड साठा विकत घेतला. एवढा दारूगोळा शहरात ठेवणे शक्य नव्हते. म्हणून १९०० मध्ये हडसन नदीतील साडेसहा एकरांचे पोलेपेल बेट घेऊन तेथे स्कॉटिश गढीच्या धर्तीवर कोठारे बांधण्यात आली.

४/ ब्रॉडवेवरील इमारत १९०५ मध्ये आली. पण दुकानाची खरी कीर्ती पसरली ती टपालाने जाणाऱ्या सूचिपत्रामुळे. शेकडो पाने, चित्रे, वर्णने, किमती! जुन्या शस्त्रांवरील ग्रंथ दुर्मीळ असताना अनेकांची पहिली ओळख या सूचिपत्रानेच करून दिली.

५/ मग सावधपणा कशासाठी? येथे निरनिराळ्या बंदुकांचे सुटे भाग जुळवूनही नग तयार होत. रशियन मोसिन-नागां रायफली अमेरिकन काडतुसासाठी बदलून विकल्या गेल्या. त्यांतून बार काढणे धोक्याचे, असे जाणकार बजावतात. म्हणून संग्राहक नळी, घोडा आणि दस्ता एकाच जन्माचे आहेत काय, हे आधी पाहतो.

६/ विरोधाभास असा, की शस्त्रे विकणारा हा गृहस्थ शांततेची आशा बाळगून होता. युद्ध ही एक विस्मृत कला ठरावी आणि आपला संग्रह तिचे संग्रहालय व्हावा, अशी त्यांची इच्छा होती.

७/ १९१८ मध्ये त्यांचे निधन झाले. १९२० मध्ये बेटावरील दारूच्या कोठारात स्फोट झाला. १९६० च्या सुमारास ब्रॉडवेवरील दुकान उठले. बेट १९६७ मध्ये राज्य सरकारकडे गेले, १९६९ मध्ये गढी जळाली आणि २००९ मध्ये भिंतींचा काही भाग ढासळला.

८/ आज उरली आहेत ती पडकी गढी, जीर्ण सूचिपत्रे आणि घरोघरी विखुरलेल्या बंदुका. या दुकानाने असंख्य वस्तू भट्टीतून वाचवल्या, आणि काहींची मूळ ओळख पुसलीही. वस्तू जपणे आणि तिचा इतिहास जपणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले पैशाने साधते; दुसऱ्याला प्रामाणिक नोंद लागते.