शेजाऱ्याचा धर्म, शेजाऱ्याच्या तोंडून

भाईंदर स्टेशनाहून उत्तनकडे जाताना रस्त्याच्या कडेला क्रूस दिसू लागतात. पोर्तुगीज अमलापासून ख्रिस्ती असलेली कोळी कुटुंबे तिथे आजही घरात मराठी बोलतात. इकडे मीरा रोडच्या नया नगरात अजान होते, भाईंदरात जैन मंदिरे गजबजलेली असतात. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या आठ लाखांवर होती. इतकी माणसे शेजारी राहतात, पण त्यांची मुले एकमेकांच्या धर्माविषयी जे जाणतात ते बहुधा ऐकीव असते. २१ जानेवारी २०२४ च्या रात्री नया नगरात तणाव उसळला, पाठोपाठ बुलडोझर आले. तेव्हा या ऐकीव ज्ञानाची किंमत आम्हाला कळली.

दुसऱ्याचा धर्म कसा शिकावा, हा प्रश्न नवा नाही. अल्-बिरूनीने संस्कृत शिकून, पंडितांना विचारून, इ. स. १०३० च्या सुमारास हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिला. हे वादविवादाचे पुस्तक नाही, हिंदू जे मानतात ते जसेच्या तसे मांडतो, असे त्याने सुरुवातीलाच बजावले. आपल्या महाराष्ट्रात जोतीराव फुल्यांनी, १८९१ साली त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त, एकाच घरात बौद्ध आई, ख्रिस्ती वडील, मुसलमान मुलगी आणि सत्यधर्मी मुलगा प्रेमाने नांदतात असे कुटुंब कल्पिले. त्यांतला प्रत्येक जण आपापला ग्रंथ वाचून त्या धर्माकडे गेलेला आहे, हे विसरता येत नाही.

स्वतंत्र भारतात राज्यघटनेच्या कलम २८ ने पूर्णतः सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांत धर्मशिक्षणाला मनाई केली. कोठारी आयोगाने (१९६४-६६) मात्र धर्माचे शिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण यांत फरक केला. १९९९ मध्ये शंकरराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने सर्व धर्मांची मूलतत्त्वे मुलांना शिकवावीत, असे सुचविले. त्यावर आधारलेला अभ्यासक्रम न्यायालयात गेला. एकाच धर्माचा शिरकाव होईल, ही भीती खोटी नव्हती. सप्टेंबर २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. धर्मांचा अभ्यास घटनाबाह्य नाही, असे सांगतानाच त्याचा गैरवापर होऊ शकतो, असा इशाराही निकालपत्रात दिला गेला.

मीरा-भाईंदर महानगरपालिका त्याच वर्षीची. या शहराच्या शाळांना आमचे सांगणे साधे आहे. ‘सर्व धर्म सारखेच’ हे वाक्य फळ्यावर लिहून काम भागत नाही. मुलांना एक विषय द्यावा, समजा उपवास. मुस्लिम मुलाने पर्युषणाविषयी जैन कुटुंबाला विचारावे, जैन मुलीने उत्तनला जाऊन ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाची माहिती घ्यावी, ख्रिस्ती मुलाने रोजा समजून घ्यावा. मग प्रत्येकाने वर्गापुढे बोलावे. गुण मात्र त्या धर्माचे मूल ‘होय, आम्ही असेच मानतो’ म्हणेल तेव्हाच मिळावेत. अशाने शिक्षकाचा कलही आटोक्यात राहील.

सुरुवात आपल्या संस्थांनीच करावी. इस्लामविषयी लोकांचे गैरसमज आहेत, अशी तक्रार आपण नेहमी करतो. पण शेजारच्या जैन घरात सूर्यास्तापूर्वी जेवण का आटोपते, हे आपल्यापैकी कितीजणांनी त्यांना विचारले आहे?